गोळी नको, सोनं चाटवा!

डॉक्टरांनी तुमच्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असल्याचं सांगितलंय ना? मग फाइल कपाटात टाका आणि फॅमिली ग्रुपवर विचारा. नागपूरच्या मावशींना मिनिटभरात कळतं, की पोराला काही झालेलं नाही, लाड नडलेत. त्यांचा बंड्याही अस्साच वांड होता, आता पुण्यात आयटीत आहे. (अजून रोज सकाळी गाडीची किल्ली शोधतो आणि कुठल्याच नोकरीत वर्षभर टिकत नाही, ते सोडा.)

गोळीला ठाम नकार द्या. केमिकल आहे हो ते! त्या गोळीतलं औषध, मेथिलफेनिडेट, १९४४ साली तयार झालं, १९५०च्या दशकापासून बाजारात आहे, म्हणजे अगदीच नवखं. त्यापेक्षा पुष्य नक्षत्र गाठून सुवर्णप्राशन करा. सोन्याचं भस्म हे केमिकल नसून संस्कार आहे. जोडीला स्मरणशक्तीचं सिरप, भिजवलेले बदाम आणि अबॅकसचा क्लास. सिरपच्या बाटलीवर काय लिहिलंय ते पाहू नका. गोळीच्या खोक्यातला कागद मात्र भिंग लावून वाचा. भूक मंदावते, झोप उडते, उंची किंचित कमी वाढू शकते, असं त्यात असतं आणि ते खरंही आहे. म्हणूनच डॉक्टर अधूनमधून वजन-उंची मोजतात, पण फॉरवर्ड करताना हे वाक्य गाळायचं.

तुम्ही पलीकडच्या, म्हणजे गोळीवाल्या पार्टीतले असाल, तर आणखी सोपं. डायरीत लाल शेरा आला की डॉक्टरांना गाठा: ‘काहीतरी लिहून द्या, सहामाही तोंडावर आलीय.’ पोरगा पाच वर्षांचा आहे? डॉक्टर म्हणतात, आधी आईबाबांनीच मुलाला हाताळायचं प्रशिक्षण घ्यावं? वा! बिघडलाय तो आणि शाळेत आपण जायचं?

वादाला पुरावा लागलाच तर अमेरिकेतला ५७९ मुलांवरचा अभ्यास आहे, १९९९ चा. चौदा महिन्यांनी मुख्य लक्षणांवर, काटेकोर देखरेखीखाली दिलेली गोळी नुसत्या वागणुकीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली. नेहमीच्या दवाखान्यांत जाणाऱ्यांतही बहुतेकांना गोळी मिळत होती, तरी ती मुलं मागेच राहिली. तेव्हा गोळीवाल्यांनी ‘गोळी’ हा शब्द घ्यावा, ‘देखरेख’ टाकून द्यावी. तीन वर्षांनी गटागटांतला फरक उरला नाही, तेवढं विरोधकांनी उचलावं. एकाच अभ्यासात दोन्ही घरांची सोय!

शाळेला यात ओढू नका. निदानासाठी डॉक्टर शिक्षकांनाही प्रश्नावली देतात. शिक्षणहक्क कायदा प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. आपल्या बाईंपुढे त्याच्या दुप्पट. त्यांनी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता सगळ्या रकान्यांत ‘कधीकधी’वर टिक केली आणि खाली लिहिलं, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ घ्या, निदान झालं.

राहता राहिला मुलगा. त्याला काय होतंय ते विचारू की, एवढी काय घाई. आधी गृहपाठ पुरा करू दे.