चहा पिणारे, यादी छापणारे आणि किंमत मोजणारे

‘सोशल एक्सपेरिमेंट’ असे भारदस्त नाव देऊन भर रस्त्यात काहीतरी विपरीत वागायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांचा गोंधळ लपवलेल्या कॅमेऱ्यात टिपायचा आणि ‘पाहा आपला समाज’ म्हणून तो सगळीकडे फिरवायचा, हा उद्योग सध्या जोरात आहे. असे व्हिडिओ पाहताना मला समाजाबद्दल फारसे काही कळत नाही. प्रयोग करणाऱ्याबद्दल मात्र बरेच कळते. रूढी मोडून लोक कसे वागतात हे पाहण्यात मुळात काही गैर आहे असे मला वाटत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की रूढी कोणी मोडली आणि त्याचा भुर्दंड कोणाला पडला, या दोन प्रश्नांची उत्तरे अशा प्रयोगांत बहुधा वेगवेगळी निघतात.

या प्रकारचा आपल्याकडचा सर्वांत गाजलेला प्रयोग पुण्यात झाला, आणि त्याला कॅमेऱ्याची गरज पडली नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी हे विक्षिप्त, बुद्धिमान आणि काहीसे खोडसाळ गृहस्थ होते. पत्नीला अमेरिकेत वैद्यकीच्या शिक्षणासाठी पाठवणाऱ्या, पुढे स्वतः अमेरिकेत जाऊन तिथल्या ख्रिस्ती समाजावर व्याख्यानांतून टीका करणाऱ्या या माणसाला पुण्यातील सुधारक आणि सनातनी, दोघांच्याही ढोंगाचा सारखाच राग असावा, असे मला वाटते. ऑक्टोबर 1890 मध्ये त्यांच्या पुढाकाराने शहरातील प्रतिष्ठित मंडळी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमली. न्यायमूर्ती रानडे तिथे होते, टिळकही होते. व्याख्यान संपल्यावर चहा आणि बिस्किटे पुढे आली. मिशनऱ्यांकडचा चहा घेणे म्हणजे धर्मबाह्य वर्तन, हे सर्वांना ठाऊक होते. समोर आलेला कप परत पाठवणे म्हणजे असभ्यपणा, हेही ठाऊक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी कप तसाच बाजूला ठेवला, आणि मंडळी घरोघरी गेली.

तेवढ्यावर प्रकरण संपले असते, तर आज ते कोणाला आठवलेही नसते. नवशिक्षित मंडळी चोरून काय खातात-पितात, याची पुण्याला कल्पना नव्हती असे मानणे भाबडेपणाचे होईल. परंतु काही काळाने ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात उपस्थितांची नावे छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे त्यांना वाळीत टाकण्याचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताची मागणी झाली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांच्याच सुधारक सहकाऱ्यांनी त्यांच्यावर टीकेचे आसूड ओढले. ज्यांनी कपाला हातही लावला नव्हता त्यांचीही यातून सहजासहजी सुटका झाली नाही, कारण चौकशी घशाखाली काय उतरले याची असली, तरी शिक्षा यादीत नाव असण्याची होती.

गोपाळरावांच्या प्रयोगाचे मोल मी नाकारत नाही. रूढी मोडणे समाज पचवतो, पण ती मोडल्याचे जाहीर होणे त्याला पचत नाही, हे त्यांनी जितके स्वच्छ दाखवले तितके एखाद्या ग्रंथानेही दाखवले नसते. तरीही त्या प्रसंगी रूढी मोडत होते ते पाहुणे. गोपाळराव बघत होते. पाहुण्यांना आपण प्रयोगात आहोत हे कोणी सांगितले नव्हते.

याच्या नेमके उलट उदाहरण न्यूयॉर्कमधले आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी 1970च्या दशकाच्या प्रारंभी आपल्या विद्यार्थ्यांना भुयारी रेल्वेत पाठवले आणि बसलेल्या अनोळखी प्रवाशाकडे, कोणतेही कारण न देता, ‘मला तुमची जागा मिळेल का?’ अशी विचारणा करण्यास सांगितले. सुमारे 68 टक्के प्रवाशांनी उठून किंवा सरकून जागा दिली. हा आकडा रंजक आहे, पण मला महत्त्वाचे वाटते ते विद्यार्थ्यांचे झालेले हाल. त्यांना तो प्रश्न तोंडातून काढणेच अशक्यप्राय वाटू लागले, म्हणून मिलग्रम स्वतः गाडीत चढले, तर त्यांचेही शब्द घशात अडकले. आणि जागा मिळाल्यावर ती मागणी योग्य ठरावी म्हणून आपण खरोखर आजारी असल्यासारखे वागण्याची अनिवार गरज त्यांना वाटली. कोणी रागावले नव्हते, कोणी अडवले नव्हते. रूढीचा पहारेकरी बाहेर नसून आपल्याच आत बसलेला असतो, हे त्यांना कळले ते स्वतःचा घसा कोरडा पडला म्हणून. दुसऱ्याचा चेहरा टिपून ते कळले नसते.

अर्थात, असा प्रयोग करून घरी परतता येणे ही सुद्धा एक चैन आहे. महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरण घ्या. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव 1924 मध्येच केला होता, म्हणजे कागदावर मोडण्यासारखे काही उरलेच नव्हते. प्रत्यक्षात 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची अफवा उठली, परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली आणि नंतर पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. न्यायालयातील झगडा 1937 पर्यंत चालला. सदतीस वर्षांपूर्वी चहा पिणाऱ्या प्रतिष्ठितांना प्रायश्चित्ताची वाट तरी मोकळी होती. पाणी पिणाऱ्यांच्या वाट्याला काठ्या आल्या. म्हणून ‘रूढी मोडून पाहा, काही होत नाही’ असा सल्ला कोणी सरसकट देऊ लागले की मी आधी सल्ला देणाऱ्याची पत पाहते.

हा सगळा विचार मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या निमित्ताने करावा लागला. आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका काकूंना, पती वारल्यापासून, कोणी या समारंभाला बोलावत नाही. मी त्यांना बोलवायचे ठरवले आणि इतर बायका कशा वागतात याची मला उत्सुकता होती, हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही. आमंत्रण द्यायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘येईन की. पण अगं, फोटो ग्रुपवर टाकू नकोस. माझ्या नणंदेपर्यंत पोचला तर पुढचं मला ऐकावं लागेल, तुला नाही.’ रूढी मोडण्याला त्यांची हरकत नव्हती. ती जाहीर कधी करायची, हे मात्र त्यांना स्वतः ठरवायचे होते.

काकू आल्या, मी त्यांना कुंकू लावले, वाण दिले. एक बाई फोन आल्याचे निमित्त करून लवकर उठल्या, दोघींनी काकूंशी मुद्दाम जास्तच गोड बोलून मला अवघडवून टाकले, आणि बाकीच्या तिळगूळ खात शाळांच्या फीबद्दल बोलत राहिल्या. माझ्या ‘निरीक्षणां’तून याहून अधिक काही निघाले नाही. पुढच्या वर्षीचे हळदीकुंकू आपल्या घरी करू, असे काकूंनीच सुचवले आहे. निमंत्रणे त्यांच्या नावाने जातील, आणि नणंदेला बोलवायचे की नाही तेही त्याच ठरवणार आहेत.