पाणी झिरपत नाही म्हणून सूट चालतो? केमिकल कव्हरऑलबद्दलच्या फिरत्या मेसेजला उत्तर

केमिकल हाताळणाऱ्यांमध्ये कव्हरऑलबद्दल, म्हणजे अंगभर घालायच्या संरक्षक सुटाबद्दल, एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: पीपीई किटचा पांढरा सूट कुठल्याही रसायनाला चालतो, खात्री करायची तर त्यावर पाणी ओतून बघा. सूट घेताना टाइपचा आकडा मोठा बघा आणि जाड घ्या. ‘480 मिनिटं’ लिहिलेला असेल तर पूर्ण पाळी बिनधास्त घाला आणि फाटेपर्यंत धुऊन वापरा.

‘पाणी थांबलं म्हणजे रसायन थांबलं.’

मूळ घोटाळा इथेच आहे. द्रव सुटात दोन वाटांनी शिरतो. एक वाट भोकांची: शिवण, चेन, चीर. पाणी ओतून फार तर तीच कळते. दुसरी वाट दिसत नाही. रसायनाचे रेणू प्लास्टिकमध्ये मुरतात, सरकत सरकत आतल्या बाजूला निघतात, आणि कापड मात्र शाबूत दिसतं. डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट (इतर पदार्थ विरघळवणारा द्रव) पॉलिइथिलीन प्लास्टिकच्या साध्या थरातून काही मिनिटांत पार होतं, कॉस्टिक सोड्याचं द्रावण त्याच थरावर तासन्‌तास अडतं. 1996 साली रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या लॅटेक्स हातमोज्यावर डायमिथिलमर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे थेंब सांडले. ते मोज्यातून आरपार गेले आणि 1997 साली पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. तो मोजा होता, सूट नव्हे, पण रेणूंना हा फरक कळत नाही.

पीपीई किटचंही तसंच. त्यावरचं ईएन 14126 हे युरोपीय मानकाचं प्रमाणपत्र जंतूंसाठीचं आहे. रक्त थांबवणारं कापड सॉल्व्हंट थांबवेल, असं त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून आधी एमएसडीएसचा (रसायनासोबत मिळणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाचा) विभाग 8 वाचा, मग सूट बनवणाऱ्याचा पर्मिएशन तक्ता, म्हणजे कुठलं रसायन कापडातून किती वेळाने पार होतं त्याचा तक्ता, उघडा. रसायनाचं नेमकं नाव, तीव्रता आणि तापमान जुळलं पाहिजे. 30 टक्के सल्फ्युरिक ॲसिडचा आकडा 98 टक्क्यांना लावता येत नाही. चाचण्या साधारण 23 अंश सेल्सिअसला होतात, द्रव गरम असेल तर वेळ घटते. मिश्रणाचा अंदाज घटकांच्या वेगवेगळ्या आकड्यांवरून बांधू नका. तक्त्यात नाव नसेल तर उत्पादकाला विचारा, ‘तसंच दिसणारं’ रसायन धरून चालू नका.

‘टाइप 6 म्हणजे टाइप 3 च्या वरचा.’

नेमकं उलटं. युरोपीय वर्गीकरणात आकडा जितका लहान तितकं संरक्षण कडक. टाइप 1 वायुरोधक, टाइप 3 दाबाने येणाऱ्या धारेसाठी, टाइप 4 फवाऱ्यासाठी, टाइप 5 हवेतल्या घन कणांसाठी आणि टाइप 6 किरकोळ शिंतोड्यांसाठी.

लेबल देणाऱ्या चाचण्या पाहिल्या तर डोळे उघडतात. टाइप 3 आणि 4 साठी अख्ख्या सुटावर रंग मिसळलेलं पाणीच मारतात. त्यावरून शिवण आणि चेन कळते, रसायन नव्हे. टाइप 6 चं कापड सल्फ्युरिक ॲसिड (30 टक्के), सोडियम हायड्रॉक्साइड (10 टक्के), ऑर्थो-झायलीन आणि ब्युटेनॉल यांपैकी एकाच द्रवाच्या चाचणीत पास झालं तरी पुरतं. टाइप 5 मध्ये दहापैकी आठ सुटांच्या आत सरासरी 15 टक्क्यांपर्यंत कण गेले तरी चालतात! विषारी पावडरचं काम असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

‘480 मिनिटं म्हणजे आठ तास काहीच आत येत नाही.’

तक्त्यातली वेळ ही ‘पहिला रेणू आत आला’ ती वेळ नसते. युरोपीय पद्धतीत पार होण्याचा वेग दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला 1 मायक्रोग्रॅम झाला की घड्याळ थांबतं, अमेरिकी पद्धतीत 0.1 ला. म्हणून दोन उत्पादकांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी पद्धत बघा. युरोपीय मर्यादेवर 100 चौरस सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण तळहाताएवढ्या, ओल्या डागातून तासाला 6 मिलिग्रॅम रसायन आत येतं. कातडीतून भिनणाऱ्या विषाच्या बाबतीत ही मात्रा क्षुल्लक म्हणता येत नाही. शिवाय चाचणी सपाट, नव्या तुकड्यावर होते. घडी पडलेल्या कोपराचा किंवा गुडघ्याचा त्यात हिशेब नाही.

‘जाड तितका चांगला.’

थर कशाचा आहे ते महत्त्वाचं. न विणलेलं जाड कापड द्रव शोषून घेतं, उलट पातळ बहुथरी फिल्म तोच द्रव कितीतरी जास्त वेळ अडवते. जाडीने अंगातली उष्णता मात्र नक्की कोंडते.

‘धुऊन परत वापरा.’

पृष्ठभागावरचं निघतं, आत मुरलेलं निघत नाही. खुंटीला टांगलेल्या सुटातही ते आतल्या बाजूला सरकत राहतं, आणि पुढच्या वेळी घालणाऱ्याच्या कातडीला आधी तेच लागतं. धुण्यामुळे अँटिस्टॅटिक (स्थिर वीज साठू न देणारा) लेपही जाऊ शकतो. एकदा वापरायचा सूट रसायन लागलं की टाकायचा.

मेसेजमध्ये जोडांबद्दल अक्षर नाही, आणि गळती बहुतेक तिथेच होते. धारेचं किंवा फवाऱ्याचं काम असेल तर शिवणीवर टेप हवीच, चेनवरची पट्टी चिकटवून बंद करा. हात खाली ठेवून काम असेल तर बाही मोज्याच्या वर, डोक्याच्या वर हात जाणार असतील तर मोजा बाहीच्या वर, नाहीतर ओघळ सरळ आत शिरतो. सुटाचा पाय नेहमी गमबुटाच्या बाहेर. घालून उकिडवं बसून पाहा: ताण पडला तर माप एक नंबर मोठं घ्या, कारण सूट आधी जांघेत फाटतो. काढताना हातमोजे न उतरवता सूट आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली न्या.