अर्धं झालंय

दुकानाबाहेरच्या फळ्यावर मी खडूने लिहिलं, ‘विज्ञानकथा मंडळ. दर महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी ६. प्रवेश मोफत.’ एवढ्याशा मजकुरात गैरसमजाला जागाच नाही, असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ मुलाला दंडाला धरून आत आले. “बारावीची बॅच ना? फिजिक्स कोण घेतं?” मी म्हटलं, इथे गोष्टी वाचायच्या आहेत. त्यांनी आधी मुलाकडे आणि मग माझ्याकडे सारख्याच निराशेने पाहिलं आणि जाता जाता एक गाइड घेतलं. मंडळामुळे त्या महिन्यात झालेली तेवढी एकच विक्री.

‘विज्ञान’ वाचून बारावीचे पालक आले, तशा ‘कथा’ वाचून काकू आल्या. शनिवारी सहाच्या ठोक्याला हजर, काखेत सतरंजीची घडी. कथा म्हणजे कीर्तनासारखं काहीतरी असणार आणि शेवटी प्रसाद मिळणार, असा त्यांचा हिशोब. प्रसाद होताही. साताऱ्यात कंदी पेढ्यांशिवाय चार माणसं जमवणं मला तरी जमलेलं नाही, म्हणून मी पाव किलो आणून ठेवले होते. काकूंनी दोन पेढे उचलले, सतरंजी परत घडी करून खुर्चीवर घातली आणि बसल्या. त्यानंतर दीड वर्षात त्यांनी एकही शनिवार चुकवलेला नाही.

दुकान राजपथाच्या आतल्या एका गल्लीत. दहा बाय अठरा. पोट भरतं ते गाइडांवर, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर आणि श्रावणात पोथ्यांवर. विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा यांचं कपाट म्हणजे घरातला अविवाहित धाकटा काका. कमवत काही नाही, पण त्याला बाहेर कसं काढणार? खुर्च्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या आहेत, त्यामुळे भाद्रपदात आमची चर्चा उभ्याने होते. तीच काय ती वेळेत संपते.

पहिल्या सभेला खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांची ‘कृष्णविवर’ घेतली. काकूंनी नाव ऐकून हात जोडले, मी काही बोललो नाही. कथेमागची हकिकत मात्र मी रंगवून सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. कुणी अक्षर ओळखू नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी ती आपल्या हाताने उतरवून दिली. आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं!

हे मी सांगायला नको होतं.

आमचे एक सभासद सहकारी बँकेत कर्ज विभागात आहेत. पुढच्या महिन्यात त्यांनी २१४ पानांचं बाड टेबलावर ठेवलं. “कुणा अज्ञात लेखकाचं आहे. एकाने वाचायला दिलंय.” काळ तेविसाव्या शतकाचा. नायक गुरूच्या एका चंद्रावर थकबाकी वसूल करायला निघालेला. तिसऱ्या प्रकरणात जामीनदार कृष्णविवरात पसार होतो आणि वसुलीची नोटीस नेमकी कुठे चिकटवायची, यावर पुढची अकरा पानं. आम्ही सगळे पेढ्यांच्या खोक्याकडे बघत राहिलो. त्यांनी बायकोलाही उतरवून द्यायला सांगितलं होतं म्हणे. ती म्हणाली, “तुमचं अक्षर आजवर कुणाला लागलंय? ओळखणार कोण?”

विज्ञानकथा म्हणायचं कशाला, यावर तर आमच्याकडे तीन सभा गेल्या. भयकथा लिहिणारे नारायण धारप यात बसतात का? भूत चालेल का? एमआयडीसीतला एक तरुण इंजिनियर आमच्याकडे येतो. त्याचा भुतावर आक्षेप नाही, पण भिंतीतून आरपार जाणारं भूत जमिनीतून खाली का पडत नाही, एवढं त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. निवृत्त सर म्हणाले, ही साहित्याची चर्चा आहे, इथे असले प्रश्न विचारू नयेत. इंजिनियर म्हणाला, मग नावातलं ‘विज्ञान’ काढा. अखेर ठराव झाला की भूत चालेल, मात्र लेखकाने कारण दिलं पाहिजे. अंगाराही चालेल, पण प्रमाण लिहायला हवं. बँकवाल्यांनी ठराव इतिवृत्तात घेतला. आमचं इतिवृत्तही आहे.

आणि ‘हे सगळं आपल्याकडे आधीच होतं’ म्हणणारे अण्णा. असा एक माणूस मंडळात आपोआप उगवतो, त्याला बोलवावं लागत नाही. एकदा काळ मंद होण्याचा विषय निघाला. प्रचंड वस्तुमानाजवळ घड्याळ हळू चालतं, तिथून परतलेल्या माणसाच्या घरी मधल्या काळात पिढ्या उलटलेल्या असतात, असं इंजिनियर पेढ्यांचा टॉवर रचून दाखवत होता. अण्णांनी तेवढ्यात राजा ककुद्मी काढला. मुलीला, रेवतीला, घेऊन तो ब्रह्मदेवाकडे स्थळ विचारायला गेला आणि तेवढ्या वेळात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली. “सापेक्षता!” अण्णांनी टेबलावर हात आपटला. टॉवर पडला.

काकू खाली पडलेला पेढा उचलत म्हणाल्या, “सापेक्षता कसली? तिथं गंधर्वांचं गाणं चाललं होतं. मधे बोलायचं कसं, म्हणून थांबले. गाण्याला बसलं की उशीर होतोच.” मग इंजिनियरकडे वळल्या. “आणि येईस्तोवर पोरीसाठी बघून ठेवलेली सगळी मुलं मरून गेली, त्यांची नातवंडंसुद्धा. ते तुझ्या गणितात कुठं येतं?”

इंजिनियरने चष्मा पुसला. सर पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. “शेवटी बलरामाला दिली,” काकू म्हणाल्या, “पण ती फार उंच, म्हणून त्यानं नांगरानं खाली ओढून बेताची केली. हे काही मला पटलेलं नाही.”

आता मुख्य दुखण्याकडे येतो. मंडळ चालवणं म्हणजे चर्चा चालवणं नव्हे. ती ठरावीक तारखेपर्यंत, ठरावीक माणसांनी, ठरावीक पुस्तक वाचून यावं यासाठी केलेली आर्जवं असतात. सभेच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना फोन करतो. “वाचून झालं का?” उत्तर ठरलेलं. “अर्धं झालंय.” सुरुवातीला मी यावर विश्वास ठेवत असे. आता मला ही भाषा येते. ‘अर्धं झालंय’ म्हणजे पुस्तक विकत घेतलंय. ‘चाललंय’ म्हणजे मुखपृष्ठ पाहिलंय. ‘पुन्हा एकदा नजर टाकतोय’ म्हणजे पुस्तक हरवलंय.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एक जुनी कादंबरी घ्यायची ठरवली. बाजारात प्रत नाही. प्रकाशकाकडून उत्तर आलं, ‘आवृत्ती संपली, पुनर्मुद्रणाचं बघू.’ हे ‘बघू’ आणि आमचं ‘अर्धं झालंय’ ही चुलतभावंडं. पुण्याला गेलो तेव्हा अप्पा बळवंत चौक पायाखाली घातला, नाही मिळाली. अखेर इथेच, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रद्दीवाल्याकडे, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली एक प्रत निघाली. दहा रुपये. मी वहीत नावं लिहिली. प्रत्येकाने आठ दिवस ठेवायची आणि पुढच्याला द्यायची. सर, इंजिनियर, अण्णा, बँकवाले, एक बीएस्सीची मुलगी, एक डॉक्टर आणि शेवटी काकू. पहिला नंबर अर्थातच माझा.

दोन महिन्यांनी सभा भरली. बाहेर मुसळधार पाऊस, दारात छत्र्यांचा ढीग. सरांनी सुरुवात केली. लेखकाने वाचकाच्या हाती काहीच ठेवलेलं नाही, हा खऱ्या अर्थाने खुला शेवट आहे. डॉक्टर म्हणाले, शेवटची पानं वाचून आपण सुन्न झालो. अण्णांना शेवटात वेदान्त दिसला. इंजिनियरला भौतिकशास्त्राची एक चूक सापडली होती, तीही शेवटीच. बँकवाल्यांनी सगळ्यांना अनुमोदन दिलं. मी यजमान, मला समारोप करणं भाग होतं. मी म्हटलं, असा शेवट मराठीत क्वचितच वाचायला मिळतो.

काकूंनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि मागून उघडलं. “शेवट आहे कुठं यात?”

मी पुस्तक हातात घेतलं. पान १७६. ओळ अशी संपत होती, ‘त्याने दार उघडलं आणि समोर’. त्यानंतर थेट पुठ्ठा. पुस्तकं सोळा सोळा पानांच्या फॉर्मात बांधतात. यातला शेवटचा अख्खा फॉर्म निखळून कधीच कुठल्यातरी भज्यांखाली गेला असणार. पुठ्ठ्याला नुसता दोरा लोंबत होता. 

पावसाचा आवाज फारच मोठा वाटू लागला. बीएस्सीच्या मुलीने तोवर काहीच मत दिलेलं नव्हतं, म्हणून ती एकटी मान वर करून बसली होती. सर खाकरले. “मी म्हटलंच होतं, लेखकाने हाती काहीच ठेवलेलं नाही.”

“दारात कोण होतं मग?” काकूंनी माझ्याकडे बघत विचारलं. “पहिल्यांदा तूच वाचलंस ना?”

मी पेढ्यांचं खोकं पुढे केलं. पण ते रिकामं होतं.

त्या सोळा पानांसाठी मी ओळखीच्या चार ग्रंथालयांत फोन केले. शेवटी एका जुन्या वाचकाने स्वतःच्या प्रतीतून ती पानं झेरॉक्स करून टपालाने पाठवली. पाकीट येऊन तीन आठवडे झाले, गल्ल्यामागच्या खणात आहे. काल दुपारी काकूंचा फोन आला. “आली का ती पानं? कोण होतं दारात?”

“काकू,” मी म्हटलं, “अर्धं झालंय.”