डाळिंबाला भोके मधमाश्या पाडत नाहीत

‘मधमाश्या डाळिंब पोखरून रस पितात, म्हणून बागेजवळची पोळी काढून टाका,’ असा संदेश सोलापूर, सांगोला, पंढरपूर भागातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. मधमाशीचे जबडे मेण घडवण्याच्या कामाचे असतात. डाळिंबाची जाड, अखंड साल त्यांनी फोडता येत नाही. ही भोके रस शोषणारा पतंग पाडतो. त्याची सोंड टोकदार व बळकट असून तो रात्री फळावर बसतो, आणि सकाळी त्याच भोकातून किंवा तडकलेल्या सालीतून पाझरणाऱ्या रसावर मधमाश्या जमत असल्याने दोष त्यांच्या माथी येतो. या पतंगाच्या अळ्या गुळवेलीसारख्या वेलींवर वाढतात, त्यामुळे बांधावरच्या त्या वेली पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

डाळिंबाच्या झाडावर नर आणि उभयलिंगी अशी दोन्ही फुले येतात, आणि फळ फक्त उभयलिंगी फुलालाच धरते. ते काही प्रमाणात स्वपरागीभवनानेही धरते (मधमाशीविना एकही फळ येत नाही, हा उलट दावाही अतिरंजितच आहे), तथापि मधमाश्यांनी परागकण पोहोचवल्यास फळधारणा सुधारते. म्हणून बहराच्या काळात पोळी काढू नयेत आणि कीटकनाशकाची फवारणी टाळावी; अगदीच आवश्यक असल्यास ती मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी.