वीस शब्द आणि एक खोडलेलं प्रश्नचिन्ह

आज एका मुलीची इंग्रजीची वही हातात आली आणि डोकंच फिरलं. वर्गात जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी चालू आहे. दर प्रकरणाला वीस शब्द, समोर एकेक अर्थ, मग चाचणी. कादंबरीची प्रकरणं 61. करा गुणाकार. 1220 शब्द!

त्यात 'कन्डिसेन्शन'पुढे लिहिलंय, 'तुच्छतेने वागणे'. आजच्या इंग्रजीत बरोबर. पण पुस्तक 1813 चं आहे हो! त्यातला पाद्री मिस्टर कॉलिन्स आपल्या श्रीमंत आश्रयदात्या लेडी कॅथरीनचं तोंडभरून कौतुक करताना हा शब्द वापरतो. मोठ्या माणसाने मोठेपणा बाजूला ठेवून खालच्यांशी गोड वागणं, असा तेव्हाचा अर्थ. तो ठाऊक असेल तरच कॉलिन्सच्या लाळघोटेपणाचं हसू येतं. हिने शब्द पाठ केला आणि विनोद हुकला.

'वॉन्ट' तर यादीत नाहीच, कारण सोपा! पहिल्याच वाक्यात श्रीमंत अविवाहित पुरुष बायकोच्या 'इन वॉन्ट ऑफ' असतो. म्हणजे त्याला बायकोची उणीव आहे. त्याला स्वतःला ती हवी आहे का, हे कोणी विचारलेलंच नाही. अवघड दिसणारा शब्द मुलं कोशात शोधतात तरी. फसवतात ते ओळखीचे चेहरे.

परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात, मान्य. पण म्हणून वीस?

प्रकरण आधी न थांबता वाचू द्या, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीचं टिंब पुरे. दुसऱ्या वाचनात पाच-सहाच निवडा: जो पुढे परत येतो, किंवा ज्याच्यावाचून पात्र कळत नाही. आधी वाक्यावरून अंदाज लिहायचा, मग कोश. कोशातल्या पहिल्या अर्थावर थांबलात की 'कन्डिसेन्शन'चं झालं तेच होणार. 'जुना वापर' असा शेरा कुठे आहे का, ते बघा. वहीत अख्खं वाक्य उतरवा, कोण कोणाला म्हणतंय त्यासकट. दुसऱ्या दिवशी त्याच वाक्यात जागा रिकामी ठेवून विचारा, आठवड्याने पुन्हा. आणि जवळच्या अर्थाचे शब्द एका दिवशी देऊ नका. 'ॲग्रीएबल' आणि 'एमिएबल' जोडीने पाठ केले की दोन्ही घोळतात. खरं तर तो फरक म्हणजेच कादंबरीतला गोडबोल्या लष्करी अधिकारी विकम! 'ॲग्रीएबल', म्हणजे वागायला छान, ते पहिल्या भेटीतच दिसतं; 'एमिएबल', म्हणजे मनाने चांगला आहे का, हे कळायला अर्धी कादंबरी जाते.

असो. शिक्षकांपुढे वह्यांचा ढीग असतो आणि यादी तपासायला सोपी, हेही कळतं. राग त्यांच्यावर नाही फारसा.

पण त्या वहीत 'कन्डिसेन्शन'शेजारी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढून खोडलेलं दिसतंय. म्हणजे कौतुकाच्या वाक्यात हा शब्द कसा, असं तिला खटकलं होतं. त्याच्यावरच लाल शाईची बरोबरची खूण आहे.