डॉ. सुशीला नायर पहिल्या आरोग्यमंत्री नव्हत्या

‘गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर या देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री. त्या आयुष्यभर काँग्रेसमध्ये राहिल्या आणि राजकारण सोडल्यावर त्यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं,’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. भावना चांगली आहे, पण यातली तिन्ही विधानं चुकीची आहेत.

पहिल्या केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर, आणि त्या डॉक्टर नव्हत्या. सुशीलाताई 1952 मध्ये दिल्ली विधानसभेवर निवडून आल्या, तिथे आरोग्यमंत्री झाल्या, पुढे सभापतीही. केंद्रात आरोग्यखातं त्यांच्याकडे आलं ते 1962 मध्ये, आणि 1967 पर्यंत राहिलं. झाशीतून त्या चार वेळा लोकसभेत गेल्या: 1957, 1962, 1967 ला काँग्रेसकडून आणि 1977 ला जनता पक्षाकडून. म्हणजे ‘आयुष्यभर काँग्रेस’ हेही खरं नाही. इंदिरा गांधींशी त्यांचं पटलं नाही, हे लपवायचं कशाला?

सेवाग्रामचं कॉलेज सुरू झालं 1969 मध्ये, तेव्हा त्या खासदारच होत्या. तिथे प्रवेश मिळालेली मुलं सुरुवातीचे दिवस आश्रमात काढतात, खादी घालून, झाडलोट आणि प्रार्थना करत. गावात राहून शिकण्याचा हा आग्रह सुशीलाताईंचा. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्या गांधीजींसोबत कैदेत होत्या. फेब्रुवारी 1944 मध्ये कस्तुरबांनी तिथेच प्राण सोडला. सेवाग्रामच्या दवाखान्याला नाव आहे ते कस्तुरबांचं.

मजकूर पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका.