ट्यूब, चोक, कंडेन्सर

काल मी बुधवार पेठेत कंडेन्सर आणायला गेलो आणि येताना दोनशे वीस रुपयांची एलईडी पट्टी घेऊन आलो. ती मला नको होती, आत्ताही नकोय. टेबलावर आडवी पडलीये आणि तिच्याकडे नजर गेली की मला ते काका आठवतात.

थोडक्यात सांगतो. गेले चार महिने मी घरी एक ट्यूब माइक बनवतोय. जुन्या जर्मन स्टुडिओ माइकांसारखा, आत व्हॉल्व्ह असलेला, म्हणजे जुन्या रेडिओत असायची तशी काचेची ट्यूब. न्यूमनचा यू ४७ आला १९४९ साली. खराखुरा घ्यायचा तर फ्लॅट विकायला लागेल, म्हणून हा घरचा. माझ्यात ईएफ ८६ नावाचा व्हॉल्व्ह आहे. त्याच्या हीटरला ६.३ व्होल्ट आणि २०० मिलिअँपिअर लागतात, शिवाय वरून १२० व्होल्ट डीसी. साध्या माइकला मिक्सरमधून ४८ व्होल्ट मिळतात, पण त्यात जेमतेम दहा मिलिअँपिअर. म्हणजे पॉवर सप्लाय वेगळा बनवणं आलं, आणि त्यातली वीज गाळायला कंडेन्सर आणि चोक नावाची तारेची गुंडाळी आली. सगळा हिशेब केला तर माइक खातो दीड वॅट. जुना झिरोचा बल्ब याहून जास्त खायचा. त्या दीड वॅटसाठी ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याने मला आठवडाभर ‘उद्या या’ केलं, पण ते रडगाणं परत कधीतरी.

ट्रान्सफॉर्मर एकदाचा हातात आला. तसाच इलेक्ट्रिक सामानाच्या तपकीर गल्लीत घुसलो आणि एका काउंटरवर म्हणालो, “सत्तेचाळीस एमएफडी, साडेतीनशे व्होल्टचे सहा कंडेन्सर द्या. आणि चोक आहे का, दहा हेन्रीचा?”

पोऱ्याने मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, “कशाला?”

मी म्हणालो, “ट्यूबला.”

इथे चुकलो. शेजारी एक काका उभे होते. सत्तरीचे असतील, काखेत टेबल फॅन, त्याची वायर गळ्यात मफलरसारखी टाकलेली. ते सावकाश माझ्याकडे वळले.

“ट्यूबला कंडेन्सर कुठे असतो हो? कंडेन्सर पंख्याला. अडीचचा. ट्यूबला चोक आणि स्टार्टर.”

“काका, ही ती ट्यूब नाही.”

“किती फुटी?”

“फुटी नाही. अंगठ्याएवढी आहे.”

“देवघरातली?”

“अहो, उजेडासाठी नाहीये ती. माइकमधली आहे.”

काकांनी फॅन काउंटरवर ठेवला. आता घाई नाही, असा त्याचा अर्थ होता.

“माइकमध्ये ट्यूब?”

“हो.”

“पेटते?”

“पेटते. म्हणजे आतून जरा लालसर दिसते.”

“मग उजेड पडतो ना?”

“पडतो थोडा.”

“मग!” असं म्हणून त्यांनी पोऱ्याकडे पाहिलं. वादाचा निकाल लागला होता. “आणि कंडेन्सर?”

“तो पॉवर सप्लायला. पण तसा माइकही कंडेन्सरच आहे.”

पोऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं, पण आपल्याला माहिती असलेली गोष्ट समोरच्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही, हा रोग माझ्या पेठेत जन्मजात आहे. मी सांगत सुटलो. सोन्याचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पापुद्रा, त्यामागे केसाएवढ्या अंतरावर पितळेची तबकडी, दोन्ही मिळून झाला कंडेन्सर. आवाजाने पापुद्रा हलला की अंतर बदलतं. मागे आणखी दोघे गिऱ्हाईक थांबले होते. त्यातल्या एकाने टेबल फॅनचं बटण उगाच दाबून पाहिलं.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बोटं मोडत मोजलं. “ट्यूब. चोक. कंडेन्सर. अहो, तुम्ही ट्यूबलाइटच करताय की! पट्टी तेवढी राहिली.”

आता याला काय उत्तर देणार? शब्द तर तेच आहेत. या देशात ट्यूब, चोक आणि कंडेन्सर हे तिन्ही शब्द आधीच घराच्या छताला टांगले गेलेत. मला काय म्हणायचंय त्यासाठी आता शब्दच उरलेले नाहीत. एके काळी घरोघरी व्हॉल्व्हचे रेडिओ होते, ते दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक आळीत होता, आणि दहा हेन्रीचा चोक म्हटल्यावर त्याने “किती मिलीचा?” एवढंच विचारलं असतं. आज काहीही मागा, उत्तर एकच: “ते येत नाही आता, नवीन घ्या.” कशाच्या ऐवजी नवीन घ्या, हेही कोणी विचारत नाही.

काकांनी मात्र विचारलं. त्याचाच मला जास्त राग आहे.

“गाता का तुम्ही?”

“नाही.”

“मिसेस गातात?”

“नाही.”

“मुलं?”

“मुलगी तबला शिकत होती. सोडला.”

“मग त्या माइकवर बोलणार कोण?”

दुकानातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनेही चार महिन्यांत हा प्रश्न विचारला नव्हता. तिने फक्त डायनिंग टेबल परत मागितलं होतं.

माझ्या गप्प बसण्याचा काकांनी आपल्या परीने अर्थ लावला. “माझं ऐका. वीस वॅटची पट्टी घ्या, चोक नको नि कंडेन्सर नको. दे रे यांना. अडीचशे नाही हं, दोनशे वीसला दे.” माझ्या वतीने घासाघीस झाली, पोऱ्या तयार झाला, पट्टी कागदात गुंडाळलीही गेली. कुणालाही तोंडावर ‘नाही’ म्हणू शकणारा मी “द्या” म्हणालो. कंडेन्सर मिळाले. चोक नव्हताच. निघताना काका म्हणाले, “आणि अर्थिंग बघून घ्या. जुन्या बिल्डिंगीत नसतं.”

रात्री बसून सप्लाय पुरा केला. दीडशे व्होल्ट एसीचे डायोडनंतर दोनशे बारा होतात. चोकऐवजी रेझिस्टरच्या तीन पायऱ्या लावून ते एकशेवीसवर उतरवले. एवढ्या कमी करंटला ते चालतं. कंडेन्सर मात्र स्विच बंद केल्यावरही डूख धरून बसतात. त्यांना रिकामं करायला ब्लीडर रेझिस्टर लावला, तरी चार-पाच मिनिटं जातात. मी दोन मिनिटं थांबलो होतो. पुढचं सांगत नाही. एक हात खिशात ठेवून काम करायचं असतं आणि तो मी ठेवला होता, म्हणून हे लिहितोय.

माइक चालू झाला, आणि मागे घूंऽऽ.

ही घरघर कुठल्या सुरात आहे त्यावरून दोष कळतो. शंभर हर्ट्झची असेल तर सप्लायचं गाळण कमी पडतंय. पन्नासची असेल तर मेनची वीज थेट आत शिरतेय. शंभर म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचच्या जरा वर. फोनवरचा तानपुरा पांढरी पाचवर लावला आणि कान दिला. माझी घरघर बरोबर एक सप्तक खाली होती. म्हणजे पन्नास. प्लगमध्ये मीटर घातला. फेज आणि अर्थ यांच्यात दोनशे तीस दिसायला हवेत, तिथे ऐंशीच्या आसपास काहीतरी लटकत होतं. बिल्डरने तीन भोकांचे प्लग दिलेत, त्यातलं वरचं भोक निव्वळ शोभेचं. बावीस वर्षं आम्ही त्यात फ्रिज लावतोय, आणि मेंटेनन्सही वेळेवर भरतोय.

घरात खरा अर्थ फक्त गीझरच्या प्लगला निघाला. तेव्हा आता माझ्या माइकचा सप्लाय बाथरूमच्या दारातून एक्स्टेन्शन ओढून चालतो, आणि आंघोळीची वेळ कोणाची यावर घरात वाद होतात. पण घरघर गेली. पूर्ण गेली. पंख्याखालचं कॅलेंडर फडफडलेलंही ऐकू येतं.

मग म्हटलं, घेतलीच आहे तर लावावी पट्टी, टेबलावर उजेड तरी पडेल. लावली. हेडफोनमध्ये तळणीत पाणी पडल्यासारखा चर्रर्र आवाज. बंद केली, आवाज बंद. चालू केली, चर्रर्र. एलईडीच्या ड्रायव्हरचा, म्हणजे तिच्या आतल्या सप्लायचा कचरा थेट माझ्या उघड्या व्हॉल्व्हमध्ये.

पट्टी उतरवून ठेवली. सगळे दिवे घालवून अंधारात बसलो. ईएफ ८६ च्या आतल्या जाळीच्या आडून लालसर काहीतरी दिसत होतं. उजेड पडतो, काका. मीटर वाचता येईल एवढा नाही पडत.